सुभेदारांचा फॉर्म आणि मागची तारीख

पत्र लांब आहे, म्हणून थोडं कापून देते.

"ताई, मी खानापूर तालुक्यातला. बी.कॉम. झालो आणि सहा महिन्यांपूर्वी टिळकवाडीतल्या एका गुंतवणूक सल्लागाराच्या ऑफिसात लागलो. ऑफिस सेबीकडं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदलेलं आहे. गिऱ्हाइकांचे कागद गोळा करणं, फॉर्म भरणं, फोन करणं हे माझं काम. पहिल्या दिवशी पाऊण तास इंग्रजीतून कंप्लायन्सचं, म्हणजे नियम पाळण्याचं, ट्रेनिंग झालं, शेवटी रजिस्टरवर सही घेतली. खरं सांगतो, सही सोडून काही लक्षात नाही.

आमच्याकडं एक निवृत्त सुभेदार आहेत, आमच्याच भागातले. मार्चमध्ये ऑफिसनं त्यांना सल्ला दिला. पैशाचा मोठा भाग स्मॉल कॅप, म्हणजे लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, फंडांत गेला. आता ऑडिट आलंय आणि त्यांच्या फाइलीत रिस्कचा फॉर्मच नाही. आमच्या सीनियरनी सांगितलं, फोन करून विचार, भरून टाक, तारीख मार्चची घाल. मी फोन केला. ते म्हणाले, 'तूच भर की रे, तुला कळतंय सगळं. वीस टक्के पडलं तर काय करणार म्हणतोस? मी सियाचीनला राहून आलोय, वीस टक्क्याला काय भ्यायचं?' मी सगळीकडं 'जास्त जोखीम' अशी खूण केली. तारीख अजून घातलेली नाही. अशा आणखी पाच फाइली आहेत. गणपतीच्या आधी सगळं पुरं करायचंय.

दुसरं, निपाणीचे मामा आणि माझा थोरला भाऊ दोघंही विचारतात, तुझ्या ऑफिसात काय चाललंय, कुठला शेअर घेऊ, कुठला विकू. भावाकडं एक शेअर आहे, तो पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकांना विकायला सांगणार आहेत, हे मी मीटिंगच्या खोलीत चहा देताना ऐकलं. भावाला सांगू की नको?

तिसरं, माझा चुलत भाऊ म्युच्युअल फंडाचा एजंट आहे. तो म्हणतो, तुमची फी ज्यांना परवडत नाही त्यांना माझ्याकडं पाठव, कमिशनमधलं तुला देतो. माझ्याबरोबरचा मुलगा म्हणतो, हे नियम सगळे कागदासाठी असतात, एवढं मनावर घेऊ नकोस. तुम्ही काय म्हणता?

- एक वाचक, बेळगाव"

तुला 'तू' म्हणते, माझा धाकटा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

आधी फॉर्म. भावाचं आणि मामाचं तू निभावशील, पण मागची तारीख एकदा घातलीस की ती परत काढता येत नाही.

तुझा सोबती म्हणतो की हे सगळं कागदासाठी असतं. कागदासाठीच असतं, पण तो कागद कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. सेबीचे गुंतवणूक सल्लागारांचे नियम २०१३ सालचे. त्यांत सल्ला देण्याआधी दोन गोष्टी पाहायला सांगितल्यात: माणसाची जोखीम घ्यायची तयारी किती, आणि तोटा झाला तर तो सोसायची ऐपत किती. दोन्ही वेगळ्या आहेत आणि तुझ्या सुभेदारांच्या बाबतीत त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

तयारीबद्दल शंकाच नको. बर्फात बसून आलेला माणूस आहे, तुझ्यामाझ्यासारखा नाही. पण सियाचीनला ते जिवाला भ्याले नाहीत, यावरून मुलीच्या लग्नाचे पैसे कुठं ठेवायचे हे ठरत नाही. ते पैसे आहेत कसले हे तू त्यांना विचारलंस का? निवृत्तीची रक्कम आहे की शेत विकून आलेले? त्यांतले कधी लागणार? पेन्शनवर घर चालतं की या पैशांतून दरमहा काही काढावं लागतं? समज, पुढच्या मे महिन्यात घरात लग्न आहे आणि फेब्रुवारीत स्मॉल कॅप फंड तीस टक्क्यांनी खाली आले. सुभेदार भिणार नाहीतच. ते शांतपणे फंड विकतील, तोटा सोसतील आणि हॉलचे पैसे भरतील. घाबरले नाहीत म्हणून तोटा काही कमी होत नाही.

म्हणून फोनवरच्या त्या वाक्याला उत्तर समजू नकोस. आपल्याकडं पुरुषमाणसाला 'पडलं तर घाबराल का' असं विचारलं तर तो 'होय, घाबरेन' म्हणत नाही. त्यातून विचारणारा पोरगा गावचा असेल तर बिलकूल म्हणत नाही. प्रश्न पालटून विचार. "दहा लाखांचे सात झाले तर घरातलं कुठलं काम अडेल?" याचं उत्तर सुभेदार हिशेबानं देतील, कारण फौजेत हिशेब ठेवायची सवय असते.

आता त्या फॉर्मची भाषा. प्रश्नावली इंग्रजीत असणार हे न बघता सांगते. नियमात स्पष्ट लिहिलंय की प्रश्न संदिग्ध नसावेत, दुहेरी नकाराचे नसावेत, गिऱ्हाइकाला न कळणाऱ्या अवघड भाषेत नसावेत आणि त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते उत्तर घालणारे नसावेत. दुहेरी नकार म्हणजे कसा? 'तोटा टाळण्यासाठी जोखीम न घेण्यास मी नाखूष नाही, सहमत की असहमत?' असला. मी स्वतः अशा प्रश्नापुढं दोन मिनिटं बसले आहे, आणि मी या धंद्यात तीस वर्षं काढलीत. आपल्या भागात तर भाषेचा घोळ दुप्पट. करारनामा इंग्रजीत, सरकारी कागद कानडीत आणि माणूस विचार करतो मराठीत. फॉर्म मराठीत करून घ्यायला कुठलाच नियम आडवा येत नाही. ऑफिसला सांग, नाहीतर तूच बसून कर आणि वरच्यांकडून तपासून घे. सहा फाइलींच्या निमित्तानं तेवढं झालं तरी तुझी सहा महिन्यांची नोकरी कारणी लागली म्हणेन.

आणि तारीख. माझ्यावर बेतलेली गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी बेळगावातच एका ब्रोकरच्या ऑफिसात होते, नाव सांगत नाही. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की मी न विचारता शेअर विकले. आमच्या साहेबांनी माझ्याकडून एक टिपण लिहून घेतलं, 'गिऱ्हाईक अमुक तारखेला ऑफिसात आले, तोंडी सूचना दिली.' तारीख त्यांनीच सुचवली आणि मी घातली. ती होती १ नोव्हेंबर. मुंबईत त्या दिवशी बाजार चालू होता, सौदाही त्याच दिवशीचा, म्हणून मुंबईहून तपासायला आलेल्या माणसाला काही खटकलं नाही. खटकलं ते गिऱ्हाइकाला. त्यानं एका ओळीत उत्तर पाठवलं: १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापना दिनाची, सुट्टी, तुमचं ऑफिस बंद, आणि मी मराठी लोकांच्या काळ्या दिवसाच्या निषेध फेरीत संभाजी चौकात होतो, फोटोत दिसतोय. बेळगावात राहून मी ती तारीख लिहिली, याची लाज आजही वाटते. खोटं पकडलं गेलं हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे त्या एका टिपणापायी आमच्या फाइलीतले खरे कागदसुद्धा कोणी खरे मानेना.

पण तुझ्या प्रकरणात यापेक्षाही मोठी अडचण आहे. ती तुझ्या सीनियरच्या ध्यानात आलेली नाही, किंवा आलीय म्हणूनच तारीख हवीय. मार्चमध्ये सल्ला दिला तेव्हा सुभेदारांची ऐपत कोणी तपासलीच नव्हती. म्हणजे तो सल्ला त्यांना जुळतो की नाही हे आजही कोणाला माहीत नाही. तू मार्चची तारीख घालून 'जास्त जोखीम' लिहिलंस की फाइल पुरी होते, ऑडिटर पुढच्या फाइलीकडं वळतो, आणि पैसे आहेत तिथंच राहतात. पुढं काही बिघडलं आणि सुभेदार विचारायला आले, तर त्यांच्यासमोर ठेवायला तुमच्याकडं एक कागद असेल ज्यावर लिहिलंय की धोका त्यांनीच मागितला होता. तो कागद तुझ्या अक्षरातला असेल. फॉर्म आजच्या तारखेनं, नीट विचारून भरलास तर निदान त्यांचे पैसे हलवायचे की नाही हा प्रश्न ऑफिसला उघडावा लागेल.

तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम हे. ऑफिसच्या कंप्लायन्स ऑफिसरला ई-मेल कर. बोलू नकोस, लिही. तुझं ऑफिस कंपनी किंवा भागीदारी असेल तर असा अधिकारी नेमावाच लागतो. लहान ठिकाणी तो बाहेरचा सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) असतो. कोण आहे हे माहीत नसेल तर विचारायची लाज नको. मजकूर साधा ठेव:

"सुभेदार अमुक यांचा जोखीम-प्रश्नावलीचा फॉर्म फाइलमध्ये नव्हता. मी अमुक तारखेला फोनवर बोलून उत्तरं माझ्या हातानं भरली. त्यांनी फॉर्म पाहिलेला नाही, सही नाही. हा फॉर्म वापरू नये. त्यांना भेटून, प्रश्न मराठीत समजावून, नवा फॉर्म त्यांच्याकडून भरून घेतो, त्यावर त्याच दिवसाची तारीख असेल. मार्चमधला सल्ला त्यांना जुळतो का हे नव्यानं तपासावं अशी विनंती. आणखी पाच फाइलींत हा फॉर्म नाही, यादी सोबत."

सीनियरवर आरोप करू नकोस. 'त्यांनी सांगितलं' वगैरे आत्ता नको. काय झालं आणि आता काय करतोय, एवढंच. ते रागावतील. दोन दिवस चहाला बोलावणार नाहीत. त्यांनी 'मेल कशाला केलास, तोंडी सांगायचं होतंस' म्हटलं तर 'मला नवख्याला नीट बोलता येत नाही म्हणून लिहिलं' असं म्हण. हे उत्तर मी पुष्कळ वर्षं वापरलं आणि कोणी त्याला तोड काढली नाही. तरीही दबाव आला आणि तारीख घालच म्हणाले, तर नाही म्हण. आणि त्यानंतर दुसरी नोकरी बघायला लाग, हे मी तुला मोकळेपणानं सांगते. ज्या ऑफिसात सहा महिन्यांच्या पोराकडून मागची तारीख घालून घेतात, तिथं उद्या जबाबदार कोण असा प्रश्न आला की बोट त्याच पोराकडं जातं.

ऑडिटची भीती घालतात म्हणून सांगते, ऑडिट म्हणजे पोलिसांची धाड नव्हे. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, सल्लागारानं नियम पाळले की नाही हे बाहेरच्या व्यावसायिकाकडून तपासून घ्यायचं असतं. त्यात 'सहा फाइलींत फॉर्म नव्हते, या तारखेला भरून घेतले' असा शेरा येईल. शेरा दुरुस्त करता येतो. दर वर्षी कित्येक ऑफिसांना असे शेरे येतात आणि ती चालू आहेत.

जाता जाता, कागद किती दिवस जपायचे हे तुझ्या ट्रेनिंगमध्ये कानावरून गेलं असेल: केवायसी, जोखीम-फॉर्म, करार, दिलेला सल्ला, तो का दिला याचं कारण, फीचा हिशेब, सगळं पाच वर्षं. गिऱ्हाइकाशी बोलणं झालं त्याचीही नोंद लागते, फोनचं रेकॉर्डिंग, ई-मेल, मेसेज, नाहीतर सही केलेला कागद. ती पहिल्या भेटीपासून धरायची. आपल्याकडं निम्मे सल्ले खडेबाजारात उभ्या उभ्या, नाहीतर लग्नाच्या पंगतीत दिले जातात, ही खरी पंचाईत. कोणी पंगतीत विचारलं तर 'उद्या ऑफिसातून फोन करतो' म्हणायचं आणि जेवायचं. ऑफिसच्या फोनवरून बोल, स्वतःच्या मोबाइलवरून नको. गिऱ्हाइकाच्या पॅनकार्डाचा फोटो तुझ्या मोबाइलच्या गॅलरीत भाचीच्या बारशाच्या फोटोंशेजारी पडून असेल, तर तो आजच ऑफिसच्या फाइलीत टाक आणि मोबाइलमधून काढ. कोणी विश्वासानं ओटीपी पाठवला, 'तूच टाक की' म्हणाला, तर टाकायचा नाही. खात्याचा पासवर्ड, ओटीपी, कोऱ्या फॉर्मवरची सही, या तीन गोष्टी गिऱ्हाइकाकडून घ्यायच्याच नाहीत. ते आपण होऊन देत असले तरीही.

आता भाऊ.

सांगायचं नाही. गिऱ्हाइकांनी फी भरून जो सल्ला विकत घेतलाय, तो त्यांच्या आधी तुझ्या भावाला फुकट मिळाला, एवढ्या साध्या शब्दांत घे. सेबीनं खुद्द सल्लागार फर्मवरही बंधन घातलंय: गिऱ्हाइकाला जो सल्ला दिला त्याच्या उलट व्यवहार स्वतःच्या खात्यावर पंधरा दिवस करायचा नाही. मत बदललंच तर आधी गिऱ्हाइकाला कळवायचं, चोवीस तास थांबायचं, मग करायचं. जिथं मालकाचे हात असे बांधलेत तिथं चहा देणाऱ्यानं भावाला वाट मोकळी करून देणं शोभत नाही. तुमच्या ऑफिसच्या आचारसंहितेत नोकरांच्या आणि घरच्यांच्या व्यवहारांबद्दल काय लिहिलंय ते मागून घे आणि या खेपेला इंग्रजी असली तरी वाच. बहुतेक ठिकाणी शेअर घेण्या-विकण्याआधी परवानगी मागायला लागते. परवानगी नाकारली तर कारण विचारू नये. कुठल्या शेअरवर बंदी आहे ती यादी कंप्लायन्स ऑफिसर गुप्त ठेवतो, कारण यादीत नाव आलं हीच बातमी असते.

भाऊ वेगळा राहतो, त्याचं खातं वेगळं, मग माझा काय संबंध, असं वाटेल तुला. इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतल्या बातमीवर शेअरचे व्यवहार करण्याबद्दलचे, सेबीचे नियम २०१५ सालचे आहेत. त्यांत जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा किंवा बायको. शिवाय आई-वडील, भावंडं, मुलं यांतले जे तुझ्यावर अवलंबून आहेत किंवा शेअरच्या बाबतीत तुला विचारून निर्णय घेतात ते. पत्रात तूच लिहिलंस, भाऊ विचारतो. झालं मग.

इथं एक भेद समजून घे, कारण पुढं तुला उपयोगी पडेल. ऑफिसचा उद्याचा सल्ला फोडणं हा गिऱ्हाइकाशी केलेला विश्वासघात. त्याच्याहून घातक दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीच्या आतली, बाहेर न आलेली बातमी. उद्यमबागेतल्या कारखान्यातला एखादा साहेब तुमचा गिऱ्हाईक असेल, त्याची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, आणि तो सह्या करता करता म्हणाला, "या तिमाहीचा रिझल्ट बघ, लोक तोंडात बोट घालतील." त्याला गप्पा वाटतात. तुझ्या कानावर मात्र निकालाची बातमी आली. लाभांश, कंपन्यांचं विलीनीकरण, मोठी भांडवली उलाढाल, ही सगळी त्याच जातीची. ती कोणाला सांगायची नाही, तिच्यावर व्यवहार करायचा नाही, आणि ऐकली हे कंप्लायन्स ऑफिसरला कळवायचं. दंड कमीत कमी १० लाख रुपये, वर २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. तुझा पगार मी विचारत नाही.

मामांचं वेगळं आहे. त्यांना आतली बातमी नकोय, त्यांना भाचा हुशार आहे हे चारचौघांत दाखवायचंय. पण सल्ला देणं तुझं काम नाही. ऑफिसात सल्ला देणाऱ्यांना एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेच्या परीक्षा पास कराव्या लागतात, तू अजून दिलेल्या नाहीस. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'हा घ्या, तो विका' टाकलंस तर तो बिननोंदणीचा सल्ला होतो, आणि लोक म्हणणार की अमुक ऑफिसातल्या पोरानं सांगितलं. मामांना म्हण, "मामा, ऑफिसनं माझ्याकडून लिहून घेतलंय, घरच्यांना सांगितलं तर नोकरी जाईल." यात खोटं काही नाही, सही केलीसच की तू. आपल्या माणसांना नाही म्हणणं आपल्याला जड जातं. नियमाचं नाव पुढं केलं की मामाही रुसत नाहीत. उलट गावात सांगतात, भाच्याची नोकरी लई कडक हाय. परीक्षा मात्र दे. मग ऑफिसातून रीतसर सल्ला देता येईल, फी घेऊन. बघ तेव्हा मामा किती विचारतात ते.

चुलत भावाच्या कमिशनचं दोन ओळींत सांगते. नोंदलेल्या सल्लागारानं, ज्याला सल्ला दिला त्या गिऱ्हाइकाशिवाय दुसऱ्या कोणाकडूनही त्या गुंतवणुकीपोटी पैसे घ्यायचे नाहीत. एका हातानं सल्ला आणि दुसऱ्या हातानं त्याच कुटुंबाला कमिशनवर फंड विकणं, हे जमत नाही. कुटुंब म्हणजे गिऱ्हाईक आणि त्याच्यावर अवलंबून असलेले नवरा किंवा बायको, मुलं, आई-वडील, सगळं एकच गिऱ्हाईक धरतात. तू मालक नाहीस, पण तू पाठवलेल्या माणसाला वाटणार की ऑफिसनंच पाठवलं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची 'डायरेक्ट' योजना मिळते, तिच्यात एजंटाचं कमिशन नसतं. तुमचं ऑफिस लोकांना ती घ्यायला सांगतं आणि त्याच ऑफिसचा पोरगा पायऱ्या उतरल्यावर 'रेग्युलर'कडं, म्हणजे कमिशनच्या योजनेकडं, वळवतो, हे कळल्यावर तुझ्या बाजूनं कोण बोलेल? चुलत भावाचा धंदा वाईट नाही. त्याचं लायसन वेगळं आहे, पोट वेगळं आहे, त्याचं त्यानं करावं. त्याच्याकडून आतापर्यंत काही घेतलं असशील तर मेलमध्ये तेही लिही. घेतलं नसशील तर नुसतं 'भाऊ एजंट आहे' एवढं ऑफिसला आजच कळवून ठेव.

फी परवडत नाही म्हणून लोक जातात, असं लिहिलंयस. फीला कमाल मर्यादा आहे: ठरावीक रक्कम घेत असाल तर एका कुटुंबामागं वर्षाला १,५१,००० रुपये, टक्केवारीनं घेत असाल तर सल्ल्याखालच्या मालमत्तेच्या अडीच टक्के. हे कमाल झालं, कमी घ्यायला कोणी अडवलेलं नाही, तेव्हा लहान माणसांसाठी लहान फी ठेवता येईल का हे मालकांना विचारून बघ. फी रोखीनं मात्र घ्यायची नाही. तंबाखूचे पैसे हातात घेऊन निपाणीचा व्यापारी काउंटरवर आला तरी चेक, यूपीआय किंवा बँकेतून. तो 'रोखीनंच घ्या, पावती नको' असा हट्ट धरायला लागला किंवा पैसे कुठून आले हे सांगायला टाळाटाळ करायला लागला, तर वाद घालू नकोस, 'तुमची तक्रार वर कळवतो' असंही बोलू नकोस. कळवायचं ते ऑफिसात, त्याला न सांगता. संशयाची माहिती गेलीय हे त्या माणसाला सांगायला काळा पैसा रोखण्याच्या नियमांत मनाई आहे.

'नफा झाला तर द्या', 'बारा टक्के नक्की' असली बोली तर तोंडातून येताच कामा नये. नफ्यात वाटा आणि परताव्याची हमी, दोन्हीला बंदी आहे. तुमची गिऱ्हाइकं चंदगडकडचीही असतील. बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलं की बसचा रंग बदलतो, पाट्यांची लिपी बदलते, सेबीचे नियम तेच राहतात. कोगनोळीच्या नाक्यापलीकडंही तेच.

कोणी तक्रार करतो म्हणालं तर समजूत घालून गप्प बसवायला जाऊ नकोस. आपल्याकडं हे फार होतं, दोन्हीकडच्या ओळखीचा एक काका मध्ये पडतो आणि 'जाऊ दे की आता' म्हणतो. तक्रार आधी ऑफिसात नोंदव. तिथं समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर करता येते हे त्याला स्वतः सांग. तिथल्या तक्रारीला ऑफिसनं २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. सुभेदारांनाही हे सांगायचंय, घाबरायचं कारण नाही.

आता भेटायला जाशील त्याबद्दल. गणपतीआधीची घाई सोड, गणपतीतच जा, पाहुणे नसतील अशा वेळी, दुपारी. फोन करून जा. त्यांच्या पत्नी घरात असतील तर त्यांनाही बसायला सांग, कारण लग्नकार्याचा खरा खर्च त्यांना माहीत असतो. फॉर्म मराठीत वाचून दाखव, एक प्रश्न, मग थांब. उत्तर त्यांच्या हातानं लिहू दे, वेळ लागेना का. चष्मा शोधायला पाच मिनिटं जातील, जाऊ देत. ते 'तूच लिही की' म्हणाले तर म्हण, "सुभेदारसाहेब, गार्ड रजिस्टरमध्ये तुमच्या जागी दुसऱ्यानं सही केलेली चालायची का?" खाली तारीख त्या दिवसाची, सही त्यांची, आणि 'मराठीत समजावून सांगितलं' अशी ओळ, तिच्याखाली तुझी सही. एक प्रत त्यांच्याकडं ठेव. निकाल काय आला, कमी जोखीम की मध्यम की जास्त, हे ऑफिसनं त्यांना नंतर लेखी कळवायचं असतं, ते आलं का हे आठवड्यानं विचार. मार्चचा सल्ला बदलायची वेळ आली तर ते ऑफिसचा सल्लागार त्यांच्याशी बोलेल, तू त्या बैठकीत फंडाचं नावही काढू नकोस.

पंचखाद्याचा प्रसाद देतील तो खा. निघताना कुंद्याचा डबा हातात ठेवला तर नको नको म्हणत दारात झटापट करू नकोस, वयाच्या माणसाचा अपमान होतो. डबा ऑफिसात आण, मिळालेल्या भेटवस्तूंच्या वहीत सुभेदारांचं नाव आणि तारीख लिही, आणि सगळ्यांना चमचा चमचा वाट. सीनियरना पहिला.